बॅट विकत घेण्याआधी जुनी बॅट वाचा: नव्या बॅट्समनसाठी काही पायऱ्या

अकरावीत होतो तेव्हा मी पहिली भारी बॅट घेतली. परभणीहून पहाटेच्या गाडीने औरंगाबादला गेलो (तेव्हा शहराचं नाव तेच होतं). दुकानदाराने चार बॅटी काढून ठेवल्या आणि मी सगळ्यात जाड कडेची उचलली. टीव्हीवर जाड कडेच्या बॅटीने सिक्स जाताना दिसायचे, तेवढंच माझं ज्ञान. घरी आल्यावर आईने ती हातात घेतली, जरा तोलली आणि विचारलं, "मुसळ आणलंस का रे?" कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या काट्यावर मुसळ १,३१० ग्रॅम भरलं.

दोन मोसम मी त्या मुसळाने खेळलो. पुल मारायला गेलो की बॉल आधी पोचायचा, बॅट नंतर. तिसऱ्या मोसमात ती पाथरीच्या एका गड्याला निम्म्या किमतीत दिली. त्याचं मनगट माझ्या दीडपट. त्याने त्याच बॅटीने पहिल्याच मॅचमध्ये मिडविकेटच्या पलीकडल्या बाभळीत बॉल टाकला. बॅट चांगलीच होती, फक्त माझी नव्हती.

त्यानंतर स्वतःसाठी, क्लबातल्या पोरांसाठी आणि भाच्यासाठी मिळून बऱ्याच बॅटी घेतल्या. त्यातून जे कळलं ते क्रमाने सांगतो.

निघण्याआधी पिशवीत काय हवं

- सध्या खेळता ती जुनी बॅट, फुटकी असली तरी
- स्वतःचे बॅटिंग ग्लोव्हज आणि खेळायचे बूट
- मापाची टेप आणि स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा
- जुना लेदर बॉल
- टॉर्च असलेला मोबाइल
- टाल्कम पावडर (ही दुकानात न्यायची नाही, आदल्या आठवड्यात लागेल)

१. बॉल कुठला, विकेट कुठली?

दुकानात शिरल्यावर सगळे विचारतात, "बजेट किती?" त्याआधीचा प्रश्न बॉलचा आहे.

गावोगावच्या चषकांत टेनिस बॉलवर खेळत असाल तर लेदरची बॅट घेऊच नका. टेनिसची बॅट हलकी असते, पाठ कोरलेली असते, पोट (पाठीचा फुगीर भाग) खाली असतं, कारण तिथे बॉल पायात येतो आणि तो उचलून मारायचा असतो. ९५० ते १,१०० ग्रॅममध्ये चांगली काश्मीर विलोची (विलो म्हणजे बॅटीचं लाकूड) बॅट मिळते. उलट हीच बॅट लेदर बॉलवर नेली तर दोन ओव्हरांत तिचं टोक उडतं. तसंच इंग्लिश विलोची बॅट कॉर्क बॉलवर कधीही काढू नका. मित्र म्हणेल, "एकच ओव्हर दे ना." देऊ नका.

आता विकेट, म्हणजे खेळपट्टी. कॉमेंट्रीत ऐकतो की भारतात बॉल खाली राहतो, म्हणून बॅटीचं पोट खाली हवं. काळ्या मातीच्या संथ टर्फ विकेटवर ते खरं आहे. पण आपल्याकडे किती पोरं टर्फवर खेळतात? बहुतेकांच्या नशिबी सिमेंटवर अंथरलेली मॅट. तिच्यावर बॉल टप्पा पडून सरळ कमरेला येतो. खाली पोट असलेली बॅट तिथे वापरली तर बॉल सारखा पात्याच्या वरच्या, पातळ भागाला लागतो आणि हाताला झिणझिण्या येतात. टीव्हीवरचा सल्ला टीव्हीवरच्या विकेटसाठी असतो.

मॅटचा आणखी एक त्रास म्हणजे गार्ड घेताना टोक घासून घासून झिजतं. मॅटवर खेळणाऱ्याने रबरी टो-गार्ड पहिल्या दिवसापासून लावावा.

२. जुनी बॅट वाचा

ही पायरी जवळजवळ कुणीच करत नाही, आणि मला विचाराल तर बाकी सगळ्या पायऱ्या मिळून हिच्याइतक्या कामाच्या नाहीत.

जुन्या बॅटीचं तोंड, म्हणजे बॉल लागतो ती सपाट बाजू, उजेडात धरा. लाल डाग कुठे दाटले आहेत? टोकापासून बोटांनी मोजा. ओल्या कापडाने डाग पुसा, बॅट वाळू द्या आणि तोंडावर टाल्कम पावडरचा हलका हात फिरवा. मग नेटमध्ये तीसेक बॉल खेळा, थ्रोडाउन (जवळून हाताने फेकलेले) नव्हे, खऱ्या बोलरचे. बॉल लागतो तिथली पावडर उडते. दर दहा बॉलनंतर मोबाइलवर फोटो काढा.

भाच्याच्या बॅटीवर हे केलं तेव्हा मजा झाली. तो स्वतःला ड्राइव्हचा बादशहा समजतो. पावडर सांगत होती की तीसपैकी निम्म्याहून जास्त बॉल पात्याच्या वरच्या अर्ध्या भागात, तेही बाहेरच्या कडेकडे लागले आहेत. म्हणजे पोरगा मागच्या पायावरच राहतो आणि कट खेळतो. ड्राइव्ह तो आरशासमोर मारतो.

आपण कसे खेळतो याबद्दल आपलं मत आणि पावडरचं मत सहसा जुळत नाही. बॅट पावडरच्या मताने घ्या.

३. बॅटिंगची पद्धत आणि बॅटीचं पोट

बॅट आडवी धरून बाजूने पाहा. पाठीचा सगळ्यात फुगीर भाग म्हणजे पोट. त्याच्या समोर, तोंडाच्या बाजूला, बॉल सगळ्यात गोड लागतो. हाच तो स्वीट स्पॉट.

पुढच्या पायावर ड्राइव्ह आणि स्वीप खेळणारा, संथ विकेटवरचा बॅट्समन असेल तर पोट खाली चालतं. कट, पुल आणि मॅटवरचा बॉल ज्याचा खुराक, त्याने पोट मध्यावर किंवा थोडं वर पाहावं. सगळंच थोडं थोडं खेळणाऱ्या नवख्याने डोळे झाकून मधलं घ्यावं.

पोट खाली असलेली बॅट हातात जड लागते, वर असलेली हलकी लागते, काट्यावर दोन्ही सारख्या भरल्या तरी. यालाच खेळाडू 'पिकअप' म्हणतात.

ओपनर आणि फिनिशरची गरजही वेगळी. बीडमध्ये जन्मलेले संजय बांगर २००२ मध्ये हेडिंग्लेला ओपनिंगला आले आणि सीम होणाऱ्या (टप्पा पडल्यावर बॉल आडवा सरकणाऱ्या) विकेटवर चिवटपणे ६८ धावा काढल्या. ती कसोटी भारताने डावाने जिंकली. अशा इनिंगमध्ये बॅट क्षणात खाली आणता येणं, बॉल सोडताना झटक्यात बाजूला नेता येणं महत्त्वाचं. तिथे जाड कडेचा काही उपयोग नाही. जालन्याच्या विजय झोलने २०११ मध्ये एकोणीस वर्षांखालील सामन्यात आसामविरुद्ध नाबाद ४५१ केल्या. एवढा वेळ उभं राहायचं तर शेवटच्या तासातही खांदा तक्रार करणार नाही असं वजन लागतं. दहा बॉलांत पंचवीस काढायला जाणाऱ्या गड्याला मात्र पात्यात थोडं जास्त लाकूड परवडतं, कारण त्याला ते फार वेळ उचलायचं नसतं.

४. माप: वाढत्या अंगाची बॅट नको

शाळेचा गणवेश घेताना आपण एक नंबर मोठा घेतो. पोरगं वाढणार, पँट दोन वर्षं चालली पाहिजे. बॅट घ्यायला गेल्यावर हाच हिशोब डोक्यात असतो. भाच्याच्या वेळी भावजी दुकानात म्हणाले, "मोठ्यांचीच घ्या ना, सारखी सारखी कोण घेणार?" पोराची उंची चार फूट अकरा इंच. त्याला स्टान्स घ्यायला, म्हणजे बॉल खेळायला उभं राहतो तसं उभं राहायला लावलं, तर दांड्याचं वरचं टोक पोटात रुतत होतं आणि डावं कोपर बाहेर फेकलं गेलं होतं. मी म्हटलं, "भावजी, तुम्ही माझे बूट घालून पळून दाखवा." तेव्हा कुठे पटलं.

ढोबळ हिशोब असा:

- साडेचार फूट ते चार फूट नऊ इंच: ४ नंबर
- चार फूट नऊ ते अकरा इंच: ५ नंबर
- चार फूट अकरा ते पाच फूट दोन इंच: ६ नंबर
- पाच फूट दोन ते सहा इंच: हॅरो
- त्यापुढे: शॉर्ट हँडल, म्हणजे मोठ्यांची नेहमीची बॅट
- सहा फूट दोनच्या वर: लाँग हँडल

दोन मापांच्या सीमेवर असाल तर लहान घ्या. बूट घालून, स्टान्स घेऊन पाहा. नुसतं शेजारी उभं राहून बॅट कमरेपर्यंत येते का हे बघण्यात अर्थ नाही.

नियमांची मर्यादाही ठाऊक असावी. लांबी ९६.५ सेंटिमीटर, रुंदी १०.८, आणि २०१७ पासून जाडी जास्तीत जास्त ६.७ व कड ४ सेंटिमीटर. स्थानिक टेनिस बॉलच्या स्पर्धांत कुणी मोजत नाही, पण लेदरच्या स्पर्धेत खेळायचं असेल तर टेपने मोजून घ्या.

५. वजन: काटा आधी, मनगट नंतर

बॅटीवर वजन पौंड आणि औंसात लिहिलेलं असतं, आणि इथे हमखास फसगत होते. '२.८' म्हणजे दोन पौंड आठ औंस, दशांश नव्हे. एका पौंडात सोळा औंस. त्यामुळे २.१० ही २.८ पेक्षा जड असते. आमच्या क्लबातला एक हुशार पोरगा २.१० ला 'दोन पॉइंट एक' समजून सगळ्यात हलकी म्हणून घेऊन आला होता.

- २.८ म्हणजे साधारण १,१३५ ग्रॅम
- २.१० म्हणजे १,१९०
- २.१२ म्हणजे १,२४५

नव्याने लेदर खेळणाऱ्या मोठ्या मुलाने १,१३० ते १,१८० मध्ये राहावं. शिवाय दुसरी ग्रिप, तोंडावरची शीट आणि टो-गार्ड मिळून पन्नास-साठ ग्रॅम सहज वाढतात, ते आधीच धरा.

मग मनगटाची परीक्षा. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा वरचा हात डावा. ग्लोव्हज घाला, फक्त त्या वरच्या हाताने बॅट धरा, हात खांद्याच्या उंचीला सरळ पुढे करा आणि वीस आकडे मोजा. टोक खाली झुकलं तर बॅट परत ठेवा. झुकलं नाही तर दोन्ही हातांनी दहा पुल हवेत मारा, सलग. दहावा पहिल्यासारखाच फिरला पाहिजे. दुकानात सगळे ताजेतवाने असतात, म्हणून सगळ्या बॅटी हलक्या वाटतात. मी पोरांना प्रॅक्टिस संपल्यावर, दमलेलं असताना दुकानात नेतो.

"सचिन जड बॅटीनेच खेळायचा की!" हे कुणीतरी म्हणणारच. खेळायचा. तुम्ही सचिन असाल तर हा लेख तुमच्यासाठी नाही.

६. लाकूड

इंग्लिश विलो इंग्लंडात वाढतं. लाकूड हलकं, रंगाने फिकट, बॉल सुटतो छान, किंमत डोळे पांढरे करणारी. काश्मीर विलो जास्त घट्ट, जरा तपकिरी, जड आणि खिशाला परवडणारं. अनंतनाग जिल्ह्यात संगमच्या बाजूने हायवेला गेलात तर रस्त्याच्या कडेला वाळत घातलेल्या लाकडाच्या फळ्यांचे मनोरे दिसतात. मेरठ आणि जालंधर ही आपल्याकडची बॅटी बनवणारी मोठी गावं.

नवख्याने पहिली लेदर बॅट काश्मीर विलोचीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. दोन ते चार हजारांत नीट बॅट मिळते. कमीपणा वाटत असेल तर सांगतो, २०२१ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात ओमानचे काही खेळाडू काश्मीर विलोनेच खेळले. आठ-दहा हजार घालून हलक्या दर्जाचं इंग्लिश विलो आणण्यापेक्षा उत्तम काश्मीर बरं. उरलेल्या पैशात हेल्मेट येतं.

तोंडावरच्या उभ्या रेषा मोजा. इंग्लिश विलोला सहा ते दहा सरळ रेषा असल्या म्हणजे झालं. जास्त रेषांची बॅट लवकर 'बोलायला' लागते, म्हणजे तिच्यावरून बॉल छान सुटायला लागतो, आणि लवकर थकतेही. कमी रेषांची रुळायला वेळ घेते पण टिकते.

'पॉप्युलर विलो' असं लेबल दिसलं तर ती बॅट खाली ठेवा. ते पॉप्लर नावाच्या झाडाचं लाकूड असतं, विलो नसतंच. गल्लीतल्या रबरी बॉलला ठीक.

७. दांडा

गोल दांडा मनगटाने खेळणाऱ्याला, हातात बॅट फिरवणाऱ्याला बरा. लंबगोल दांडा सरळ बॅटीने खेळणाऱ्याला बरा, कारण तोंड कुठे आहे ते न बघता कळतं. हात मोठे असतील तर दोन ग्रिप चढवा. दांडा दोन्ही हातांनी किंचित वाकवून बघा. स्प्रिंगसारखं हललं पाहिजे, 'कर्र' असा आवाज येता कामा नये.

८. दुकानात फसायच्या जागा

दुकानदार वाईट नसतात, पण त्यांना माल विकायचा असतो. "हीच बॅट अमुक खेळाडू वापरतो" या वाक्यावर काही बोलू नका, नुसते हसा. स्टिकर कुठल्याही लाकडावर चिकटतो.

टॉर्च लावून टोक आणि दोन्ही कडा तपासा. पुट्टी भरल्यासारखा गुळगुळीत, वेगळ्या रंगाचा ठिपका दिसला की लाकूड आधी दुरुस्त केलेलं समजा. तोंडावर आधीच जाड प्लॅस्टिकची शीट असेल तर खालचं लाकूड झाकलेलं आहे हे लक्षात घ्या आणि शीट नसलेली बॅट मागा. काश्मीर विलो ब्लीच करून इंग्लिशसारखं पांढरं करतात. त्यावर उपाय म्हणजे वजन. आकार इंग्लिशसारखा भरगच्च आणि हातात घेतल्यावर दगड, तर शंका घ्या.

मग परवानगी घेऊन जुना लेदर बॉल तोंडावर हलकेच टप्पे देत टोकापासून वर न्या. गोड जागी बॉल आपोआप उंच उसळतो आणि आवाज भरीव येतो. मध्येच 'थप्प' असा मेलेला आवाज आला तर तिथे लाकूड बोलत नाहीये. सारख्या वजनाच्या चार बॅटी घेऊन हे करा, फरक पाच मिनिटांत कानाला कळतो.

बिल घ्या. ऑनलाइन मागवली तर तेल लावण्याआधी वजन करून फोटो काढा, कारण तेल लागलेली किंवा ठोकलेली बॅट कुणी परत घेत नाही.

९. तेल आणि ठोकणं

इथे मराठवाड्याच्या माणसाची घरचीच सोय आहे. बॅटीला लागतं ते 'रॉ लिनसीड ऑइल' म्हणजे आपलं जवसाचं कच्चं तेल. जवसाची चटणी ज्या घरात रोज ताटात असते, त्या घराने महागडी परदेशी बाटली कशाला घ्यावी? घाण्यावरून पावशेर आणा, तेवढ्यात सगळ्या क्लबाचं भागतं. मात्र रंगाच्या दुकानातलं बेलतेल आणू नका. ते उकळलेलं असतं, त्यात सुकवणारी द्रव्यं असतात आणि त्याचा लाकडावर कडक थर बसतो.

एक चमचा तेल कापडावर घ्या. तोंड, कडा आणि टोकाला पातळ हात फिरवा. दांडा पात्यात घुसतो तो इंग्रजी 'व्ही' सारखा सांधा कोरडा ठेवा, तिथे तेल मुरलं की डिंक सुटतो. बॅट आडवी, तोंड वर करून, वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवा. असे दोन, फार तर तीन हात. तोंडावर शीट चिकटलेली असेल तर फक्त उघड्या लाकडाला. मी एका बॅटीला रोज तेल पाजलं होतं. ती लाडू झाली, मऊ आणि जड.

मग लाकडी हातोडीने ठोकणं, म्हणजे तोंडाचं लाकूड दाबून घट्ट करणं. रोज वीस-पंचवीस मिनिटं, एकूण चार ते सहा तास. सुरुवात हलक्या हाताने, जोर हळूहळू वाढवा. कडांवर सरळ घाव घालू नका, तिरकस घालून त्या गोलसर करा. टोकाच्या तळावर तर अजिबात मारायचं नाही. दुपारी ठोकायला बसू नका. आमच्या शेजारच्या आजोबांनी एकदा गच्चीवर येऊन, "लेका, मेख ठोकतोस की बॅट?" असं विचारलं होतं.

झालं की नाही हे कसं कळेल? जुन्या बॉलवर हलके कॅच द्या. तोंडावर शिवणीचे खड्डे उमटले तर परत हातोडी. उमटले नाहीत तर नेटमध्ये जुना बॉल, आठवडाभर. नवा बॉल सगळ्यात शेवटी. 'रेडी टू प्ले' लिहिलेली बॅट असली तरी तासभर ठोकाच.

१०. मे महिना

पत्र्याच्या खोलीत, माळ्यावर बॅट ठेवायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस असतं तेव्हा पत्र्याखाली भट्टी असते. लाकडातला ओलावा उडतो आणि जूनमध्ये पहिल्याच यॉर्करला टोक तडकतं. गाडीच्या डिकीतही तेच होतं. उन्हाळ्यात बॅट दिवाणाखाली, फरशीवर कापड घालून आडवी ठेवावी आणि मोसम सुरू होण्याआधी जवसाच्या तेलाचा एकच हात द्यावा.

पावसात भिजली तर कापडाने पुसून सावलीत वाळू द्या. उन्हात नाही, चुलीजवळ तर नाहीच. तोंडावर बारीक रेघांसारख्या भेगा पडल्या म्हणून घाबरू नका, फायबर टेप लावा आणि खेळत राहा. भेग कडेपासून आत सरकायला लागली तर मात्र खिळे मारणाऱ्या सुताराकडे नेऊ नका. डिंक भरून दोरा गुंडाळणारा बॅट-दुरुस्तीवाला शोधा.